रक्तदाब व आपले ताट

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात श्रीगोंदे येथे केलेले भाषण)



"आरोग्याविषयी चार शब्द बोला" अशी मंडळाच्या चिटणिसांनी आज्ञा केली, तेव्हा विषय निवडावयास आम्हांस फारसा विचार करावा लागला नाही. शिक्षणनिधी, वसतिगृह, सामुदायिक विवाह, वधू-वर सूची ह्या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी आपल्यांत पुष्कळ आहेत. आम्ही ना वैद्य, ना डॉक्टर. परंतु उच्च रक्तदाब नावाचा एक पाहुणा आमच्या देहात मुक्कामास येऊन बरीच वर्षे झाली. तो उठून जाणार नाही हे समजून घेऊन त्याच्यासह संसार कसा करावा, हे आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने व स्वयंपाकघराच्या साहाय्याने शिकत आलो आहो. आमचा अधिकार एवढाच. औषध सांगणे हा आमचा प्रांत नव्हे. तो ज्याचा त्याने आपल्या डॉक्टरांवर सोपवावा. आम्ही बोलणार ते ताटाविषयी.

ही भूमी शेख महंमद महाराजांची. आपल्याच मनाशी व इंद्रियांशी माणसाला जी झुंज द्यावी लागते तिला त्यांनी 'योगसंग्राम' असे नाव दिले. आम्ही आज जो संग्राम सांगणार आहो तो त्या मानाने अगदीच किरकोळ, केवळ जिभेपुरता आहे. परंतु तो न केल्यामुळे ऐन उमेदीतला कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो, शिकणाऱ्या मुलाची शाळा सुटते, आणि उभ्या पिकाची शेती वाट्याने लावावी लागते. आपल्या ज्ञातीत अशी घरे किती आहेत, ती आपणांस ठाऊक आहेत. आम्ही नावे घेत नाही.

प्रथम हा विकार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे लोटते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर विसावते तेव्हाचा दाब तो खालचा आकडा. इटलीतील रिव्हा-रोची ह्यांनी १८९६ साली दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर हा दाब मोजण्याची युक्ती काढली आणि रशियातील कोरोत्कोव्ह ह्यांनी १९०५ साली नळी लावून नाडीचा आवाज ऐकण्याची जोड तिला दिली. म्हणून आजही आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरांतच सांगितले जातात. १२० व ८० ह्यांच्या आत असणे उत्तम. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक भरला, म्हणजे तो उच्च रक्तदाब समजावा.

ह्या विकाराचे लक्षण कोणते, असे विचाराल तर उत्तर असे की, बहुधा कोणतेच नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, भूक मंदावत नाही. काट्याने पाय दुखतो म्हणून माणूस काटा काढतो; हा काटा दुखतच नाही, आणि म्हणून तो आत आत जात राहतो. मेंदूतील वाहिनी फुटते किंवा बंद पडते, हृदय थकते, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, दृष्टी अधू होते, तेव्हा कोठे तो आपले अस्तित्व कळवितो. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांपैकी शेकडा २४ आणि स्त्रियांपैकी शेकडा २१ जणांचा रक्तदाब वाढलेला, किंवा औषधाने आवरून धरलेला, आढळला. ह्या मंडपात चारशे माणसे बसली असतील तर त्यांतील ऐंशीहून अधिक जण ह्या पंक्तीत येतील, असा ह्याचा अर्थ होतो. आणि त्यांतील कित्येकांना ते ठाऊकही नसेल.

हा शहरी, बैठ्या, खात्यापित्या लोकांचा आजार आहे अशी एक समजूत आहे. ती आता टाकून द्यावी. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत मृत्यूंच्या कारणांचा जो अभ्यास केला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या, अंगमेहनत करणाऱ्या त्या लोकांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हे निघाले. दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू पक्षाघाताचा होता, आणि ह्यांतील बहुतेकांनी आपल्या घरीच प्राण सोडला. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हेच होय. जे गडचिरोलीच्या खेड्यात घडते ते भीमेच्या व घोडनदीच्या काठच्या खेड्यांत घडत नसेल, असे मानावयास आम्हांस तरी आधार दिसत नाही.

येथे कोणी वडीलधारे म्हणतील की, "आमचे आजोबा मुठीने मीठ खात आणि नव्वद वर्षे जगले." ते खरेही असेल. परंतु त्याच आजोबांचे जे बंधू पन्नाशीत 'झटका आला आणि गेले', त्यांचा रक्तदाब कोणी मोजला होता? दीर्घायुषी माणसे आपल्या आठवणीत राहतात, अकाली गेलेली हळूहळू विसरली जातात. आणि उरलेल्या आठवणींवरून आपण नियम बांधतो. शिवाय आजोबांचे दिवसभराचे चालणे, मोटेवरचे कष्ट, आणि वर्षातून दोनदाच घरात येणारे तळण, हीही त्या हिशेबात धरली पाहिजेत.

ह्या विकारावरील औषधाच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे, आणि ते आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे असे आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना ती देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून, आपले निष्कर्ष १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. साऱ्या जगाचे लक्ष त्या मुळीकडे वळले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकील ह्यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. ह्या कथेतून दोन बोध घ्यावयाचे. एक असा की, परंपरेत सोने असते, पण ते मोजून व तपासून घ्यावे लागते. दुसरा असा की, त्याच तपासणीतून पुढे त्या औषधाचे मनावर होणारे उदासीनतेसारखे दुष्परिणामही कळले, अधिक सुरक्षित औषधे निघाली, आणि रिसर्पिन मागे पडले. म्हणून आजही कोणी सर्पगंधेची पुडी परस्पर देऊ लागला, तर ती आपल्या मनाने घेऊ नये.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे मिठाकडे वळू. मीठ पाण्याला धरून ठेवते. रक्तात क्षार वाढला की शरीर पाणीही अधिक राखते. तेवढ्याच वाहिन्यांतून अधिक द्रव वाहू लागतो, आणि दाब वाढतो. मूत्रपिंडे जादा क्षार बाहेर टाकण्याचा प्रयत्न करतात. पण कोणाची हे काम चपळाईने करतात, कोणाची मंदपणे. म्हणून तेच जेवण जेवून एकाचा दाब चढतो आणि दुसऱ्याचा चढत नाही. वय वाढले की ही मंदता बहुतेकांच्या वाट्यास येते. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे की, प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही हीच मर्यादा घातलेली आहे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तोही दिवसभराच्या सर्व पदार्थांत मिळून.

ह्यावर गृहिणी विचारतील की, भाजीत किती, आमटीत किती, हे तोलून कोण पाहणार? त्यावर एक सोपी युक्ती आहे. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहून ठेवा. घरात पाच माणसे असतील तर दर माणशी ५ ग्रॅमप्रमाणे दिवसाला २५ ग्रॅम मीठ लागावे. म्हणजे ती पिशवी ४० दिवस पुरली पाहिजे. परंतु फरसाण, खारी, बिस्किटे, विकतचे पापड ह्यांतूनही मीठ पोटात जाते, आणि घरात लहान मुले असली तर त्यांची गरज याहूनही कमी. हे ध्यानी घेता पिशवी ५० दिवस पुरविणे हे ध्येय ठेवावे. ज्या घरात ती महिन्याच्या आतच संपते, तेथे रोग्याला उपदेश करण्यापूर्वी पिशवीकडे पाहावे. तारीख लिहावयास पेन्सिलीपलीकडे खर्च नाही, आणि पिशवी खोटे बोलत नाही.

आपल्या पंगतीची रीत आठवा. पान मांडले की माथ्यावर प्रथम मीठ वाढावयाचे आणि त्याच्या शेजारी लिंबाची फोड ठेवावयाची. आमच्या सगळ्या सांगण्याचे सार ह्या दोन शेजाऱ्यांत आले आहे. हात मिठाकडे जाण्याऐवजी लिंबाकडे जावा, एवढेच आमचे मागणे आहे. आणि हे श्रीगोंद्यात सांगावे लागावे, ही तर गंमतच म्हणावयाची! आपल्या तालुक्यातील लिंबाच्या बागांचा माल दूरदूरच्या बाजारपेठांत जातो. बाहेरचे लोक श्रीगोंद्याचे लिंबू म्हणून तो विकत घेतात. आंबट चवीचा गुण असा आहे की, ती जिभेला मिठाची उणीव भासू देत नाही. अळणी मटकीवर लिंबू पिळून पाहा, बिनमिठाच्या काकडी-कोथिंबिरीवर पिळून पाहा. तेच लिंबू फोडी करून, मीठ चोळून, बरणीत भरले की मात्र त्याचा स्वभाव बदलतो. कारण लोणचे टिकते तेच मुळी मिठाच्या जोरावर. ताजी फोड औषधाला साहाय्य करते, आणि बरणीतली फोड त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. फळ एकच, वागणूक दोन.

आपल्या देशावरच्या अन्नात सुदैवाने चांगले पुष्कळ आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी बहुतेक घरांत बिनमिठाचीच होते. पाव, खारी, टोस्ट ह्यांना मात्र मिठावाचून रूप येत नाही. म्हणून सकाळी चहाबरोबर खारी खाणाऱ्याने शिळ्या भाकरीचा तुकडा ताज्या दह्याशी खाल्ला तर तो मागासलेला ठरत नाही. हुलगे, मटकी, मूग, तूर ही कडधान्ये, मेथी, चाकवत, तांदूळजा, घोळ ह्या पालेभाज्या, शेवग्याच्या शेंगा, गवार, दोडका, आणि पेरू, केळी, पपई ही आपल्या बाजारची फळे, ह्यांत पोटॅशियम नावाचा क्षार भरपूर असतो. मीठ जे करते त्याच्या उलट तो करतो. तो जादा मिठाला मूत्रावाटे बाहेर पडण्यास मदत करतो व वाहिन्यांना सैल ठेवतो. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूध-दही, डाळी व अख्खी धान्ये असा आहार लोकांना काही आठवडे दिला. ज्यांचा दाब मुळात वाढलेला होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ मिलिमीटरांनी उतरला. एखाद्या गोळीने जेवढे साधते तेवढे हे साधले. २००१ सालच्या पुढच्या प्रयोगात त्याच आहाराला कमी मिठाची जोड दिली तेव्हा दाब आणखी उतरला. तो सारा आहार नावाने विलायती असला, तरी गुणाने आपल्या भाकरी, उसळ, पालेभाजी आणि ताकाच्या जवळचाच आहे.

सांभाळावयाचे आहे ते जोडपदार्थांना. पापड, कुरडया, सांडगे, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, खारे दाणे, शेव, चिवडा, तळलेल्या मिरच्या, हे सारे जेवणात 'तोंडी लावणे' म्हणून येतात आणि मिठाचा मोठा वाटा तेच उचलतात. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि खाण्याच्या सोड्याप्रमाणे त्यातही सोडियमच आहे. ठेचा सोडा असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर आम्हांस ह्या तालुक्यातून बाहेर पडावे लागेल. मिरची, लसूण, कोथिंबीर तीच ठेवा, मीठ निम्मे करा, वर लिंबू पिळा. आणि ताकात मीठ घालण्याची सवय असेल तर त्याऐवजी जिरे वाटून घाला.

सैंधवाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. उपासाच्या दिवशी, किंवा 'हे चालते' म्हणून एरवीही, पुष्कळ मंडळी सैंधव सढळ हाताने घालतात. सैंधव, पादेलोण व साधे मीठ ह्यांच्या रंगात आणि किमतीत फरक असेल, परंतु तिन्हींत मुख्य द्रव्य एकच आहे, आणि रक्तवाहिन्यांना सोवळे-ओवळे कळत नाही. शिवाय सैंधवात आयोडीन घातलेले नसते. म्हणून घरात आयोडीनयुक्त मीठच वापरावे, फक्त मोजून वापरावे. उपासाचे वेफर्स व साबुदाण्याची तुपकट खिचडी हा तर उपासाच्या नावावरचा फराळच होय. आपल्याकडे चातुर्मासात अळणी जेवण्याचा नेम करण्याची चाल होती; तिच्यातला संयम घेतला तर तो बाराही महिने उपयोगी पडेल.

अलीकडे बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळू लागले आहे. त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमधील सहाशे खेड्यांत ह्याचा मोठा प्रयोग झाला व २०२१ साली त्याचे फलित प्रसिद्ध झाले. असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण शेकडा १४ इतके कमी भरले. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याचा पुरस्कार केला. परंतु ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या ज्यांना चालू आहेत, त्यांच्या शरीरात पोटॅशियम साचून हृदयास धोका होऊ शकतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ते मीठ घेऊ नये, आणि केळी-शहाळ्यांचाही अतिरेक करू नये. तसेच जुलाब-वांतीने शरीर कोरडे पडले असता मीठ-साखरेचे पाणी नाकारणे हा शहाणपणा नव्हे. तेथे ते प्राण वाचविते.

मीठ कमी करा म्हणताच कोणास वाटेल की, आम्ही एका पवित्र वस्तूची निंदा करीत आहो. तसे नाही. मीठ हा गरिबाच्या भाकरीचा हक्क आहे. १९३० साली कोकणात शिरोडे येथे आपल्याच माणसांनी त्या हक्कासाठी सत्याग्रह केला व मार खाल्ला. आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागणे ही निष्ठेची सर्वांत मोठी कसोटी मानली आहे. आम्ही मीठ सोडावयास सांगत नाही, मोजावयास सांगतो. ज्याने आपल्याला खाऊ घातले त्याच्या मिठाला जागावयाचे, तर त्याच्या म्हातारपणी त्याला आधार देण्याइतके आपण धडधाकट राहणे हेही त्या जागण्यातच येते.

ताटाबाहेरच्या तीन गोष्टी ओघानेच सांगतो. वजन वाढले असेल तर ते उतरवावे. एक किलो उतरले की दाब सुमारे एक मिलिमीटर उतरतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. रोज अर्धा तास भरभर चालावे. तंबाखू, मिश्री व दारू ह्यांना निरोप द्यावा. मिश्री ही 'बायकांची सवय' म्हणून तिच्याकडे काणाडोळा करू नये. सांधे दुखतात म्हणून दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन् महिने घेतल्यानेही दाब वाढतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आता आमच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आहाराने रक्तदाब उतरतो, हे ऐकून कोणी घरी जाऊन गोळ्यांची डबी फडताळात ठेवील, तर आमचे आजचे बोलणे उपकाराऐवजी अपकार करणारे ठरेल. सौम्य विकारात केवळ आहार व चालणे ह्यांनी काही जणांचे भागते. पण ते डॉक्टरांनी ठरवावयाचे. गोळी चालू असताना दाब १२५ वर आला, म्हणजे रोग गेला असे नव्हे, गोळी काम करीत आहे असे समजावे. छत्री उघडल्यामुळे आपण भिजत नाही. म्हणून पाऊस थांबला असे मानून कोणी छत्री मिटत नाही. आहारामुळे गोळीचे प्रमाण कमी होऊ शकते, एकीऐवजी दोन गोळ्या लागण्याची पाळी टळू शकते. हा लाभ मोठा आहे, पण तो मोजून व सल्ल्याने पदरात पाडून घ्यावयाचा.

मोजण्याचीही रीत आहे. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पावले जमिनीवर असावीत, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा. त्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू वा धावपळ नसावी. मोजताना बोलू नये. मिनिटभराने पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहावेत. बाजारातून धावतपळत येऊन, बाहीवरच पट्टा बांधून घेतलेला आकडा घाबरवितो तरी, नाही तर फसवितो.

भगिनींनो, आता आपल्याशी थोडे बोलतो. घरात एकाला रक्तदाब निघाला की त्याच्यासाठी वेगळे भांडे, वेगळी फोडणी, वेगळी आमटी, असा भार सुनेवर पडतो. चार दिवस तो उचलला जातो, पाचव्या दिवशी सर्वांचे जेवण एक होते, आणि ते खारटच होते. म्हणून वेगळे भांडे मांडूच नये. साऱ्या घराचे मीठ हळूहळू, आठवड्या-आठवड्याने, थोडथोडे उतरवावे. काही आठवड्यांत जिभेला नव्या चवीची सवय होते, आणि मग पूर्वीचे जेवणच खारट लागू लागते. ह्यात मुलांचेही हित आहे, कारण खारटाची चटक लहानपणीच लागते. दुसरे असे की, सर्वांना वाढून शेवटी जेवणारी आणि सर्वांना दवाखान्यात नेणारी गृहिणी स्वतःचा दाब मोजून घेत नाही. गरोदरपणी रक्तदाब चढणे हे तर आई व मूल ह्या दोघांच्याही जिवावर बेतू शकते. तिच्या ह्या तपासणीत घराने एकही खाडा होऊ देऊ नये.

आणि एक नाजूक गोष्ट. आपल्यांत सोयरीक जुळविताना घरातील आजार लपविण्याची चाल आहे. मुलीच्या बापाला, मुलाच्या मामाला रक्तदाब आहे, हे 'बाहेर जाऊ नये' म्हणून गोळ्या उशाखाली ठेवल्या जातात, पाहुणे आले की घेतल्या जात नाहीत, आणि लग्नघाईत तर महिनाभर विसरल्या जातात. नेमक्या लग्नाच्या मांडवात माणूस कोसळतो, तो ह्याच लपवाछपवीमुळे. जो विकार देशातील दर चार-पाच प्रौढांपैकी एकाला आहे, त्याची लाज कसली? लाज वाटावयाची तर ती उपचार न करण्याची वाटावी. ज्या घरात उघडपणे दाब मोजला जातो ते घर सोयरिकीस अधिक चांगले, असे आपण मानू लागलो, तर ह्या मंडळाने फार मोठी सामाजिक सुधारणा केली असे होईल.

हे साधते का? साधते. केंद्र शासन, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना व राज्य शासने ह्यांनी मिळून २०१७ साली उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. आपल्या राज्यातून त्याच्या आरंभीच्या जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे होते. त्याची रीत साधी: ठरावीक व स्वस्त औषधे, घराजवळच्या आरोग्य केंद्रात महिन्याच्या महिन्याला ती विनामूल्य, आणि ठरल्या तारखेस जो आला नाही त्याचा शोध. २०२२ साली ह्या कार्याचा संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने गौरव झाला. त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली कार्य आरंभिले, खेड्यांतील अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांना शिकवून गावोगावच्या आरोग्यसेविका केले, आणि १९७९ साली मॅगसेसे पारितोषिकाने त्यांचा सन्मान झाला. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले. त्या कामाची ओळख तीच आहे. आरोग्य हे दवाखान्यात कमी आणि घराच्या उंबऱ्याच्या आत अधिक घडते, हा धडा जामखेडने जगाला दिला. तो श्रीगोंद्यास दूर पडू नये.

म्हणून मंडळापुढे आम्ही चार सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली: आपल्या सार्वजनिक पंगतींत मीठ, लोणचे व पापड मागेल त्यासच वाढावे, लिंबाची फोड मात्र न मागता दोनदा वाढावी, आणि ताक बिनमिठाचे असावे. दुसरी: दर मेळाव्यात रक्तदाब मोजण्याची व्यवस्था असावी, तेथे स्त्रियांची रांग आधी लावावी, व ज्यांचा आकडा वाढलेला निघेल त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात वा डॉक्टरांकडे पोहोचते करण्याची जबाबदारी त्या त्या गावच्या प्रतिनिधीने घ्यावी. तीस वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा. तिसरी: "रक्तदाब मुळापासून बरा करू, गोळ्या कायमच्या बंद" असे सांगणाऱ्या जाहिराती ह्या स्मरणिकेने घेऊ नयेत. जाहिरातीवाचून स्मरणिका निघत नाही हे आम्ही जाणतो. परंतु ज्या पानाच्या पैशाने एखाद्याची गोळी सुटेल, ते पान आपल्याला फार महाग पडेल. चौथी: प्रत्येक घराने उद्याच मिठाच्या पिशवीवर तारीख घालावी, आणि पुढील वर्षीच्या मेळाव्यात आपली पिशवी किती दिवस पुरली ते सांगावे. ज्या घराची सर्वांत अधिक दिवस पुरेल त्या घरच्या अन्नपूर्णेचा मंडळाने साडीचोळीने सत्कार करावा. त्या सत्काराचा खर्च आम्ही आनंदाने उचलू.

आता भोजनाची वेळ झाली आहे, आणि ह्या विषयावर बोलणाऱ्याने श्रोत्यांना उपाशी ठेवणे योग्य नव्हे.